विश्लेषण : फायबरची बॉडी बसेना म्हणून चॅसी कापावी का?

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी मोटार बांधण्याचा छंद ब्रिटनमध्ये गेली सहा-सात दशके टिकून आहे. या छंदात एक क्षण जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. चॅसी बांधून तयार असते, फायबरग्लासची बॉडी घरी पोहोचलेली असते, दोघे मिळून ती उचलतात, चॅसीवर ठेवतात आणि ती बसत नाही. कुठे दोन सूत कमी पडतात, कुठे एखादा पाइप आडवा येतो. ग्राइंडर हाताशीच असतो. तो कशावर चालवायचा, चॅसीवर की बॉडीवर? प्रश्न फिटिंगचा वाटतो. प्रत्यक्षात तो गाडीत बसणाऱ्याच्या जिवाचा आहे. आणि अशा गाड्यांबाबत सरकारने काय भूमिका घ्यावी, याचे उत्तरही त्यात दडलेले आहे.

किट कार म्हणजे नेमके काय?

सुट्या भागांचा संच विकत घेऊन, त्यात एखाद्या जुन्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल घालून घरी जोडलेली मोटार म्हणजे किट कार. ब्रिटनमध्ये हा प्रकार फोफावला तो करामुळे. तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर तो लागत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली ‘लोटस सेव्हन’ ही दोन आसनी गाडी त्यामुळे किटच्या रूपातही विकली गेली. किटसोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत, म्हणून गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहक त्या उलट्या वाचत, असा किस्सा आजही सांगितला जातो.

१९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. छंद मात्र संपला नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायला शिकवणारे पुस्तक हेन्स प्रकाशनाने काढले आणि ‘लोकॉस्ट’ हे नाव रूढ झाले. साधा २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, १.६ मिलिमीटर जाडीचा. तो मापाने कापायचा, वेल्डिंगने जोडायचा आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग त्यावर चढवायचे. एस्कॉर्ट दुर्मीळ आणि महाग झाल्यावर २००७ मध्ये हेन्सनेच फोर्ड सिएराच्या भागांवर बेतलेले दुसरे पुस्तक आणले.

बॉडी फायबरचीच का?

पत्र्याला दुहेरी गोलाई देण्यासाठी प्रेस आणि डाय लागतात, नाहीतर मुरलेला कारागीर लागतो. फायबरला एक साचा पुरतो. साच्याला मेण लावायचे, रंगीत जेलकोटचा थर द्यायचा, त्यावर काचतंतूंची चटई अंथरून रेझिन भिजवायचे. थर घट्ट झाला की भाग साच्यातून काढायचा. कोकणातल्या मासेमारीच्या होड्या आणि चौकातले फायबरचे पुतळे याच रीतीने घडतात. एका साच्यातून अनेक नग निघतात, वजन कमी भरते आणि गंज चढत नाही. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटने फायबरची बॉडी मोठ्या कंपनीच्या कारखान्यात नेली. लोटस सेव्हनच्या दुसऱ्या मालिकेचे नाक आणि मडगार्डही फायबरचेच होते.

ही बॉडी चकचकीत, तयार आणि महाग दिसते. चॅसी मात्र नुसते पाइपांचे जाळे दिसते, शिवाय ती आपणच बांधलेली असते. म्हणून मन सहज म्हणते, बॉडीला हात नको, चॅसीच थोडी कापू. चुकीची सुरुवात इथे होते.

बॉडी बसत नाही, असे का होते?

कारणे साधारण तीन. पहिले म्हणजे साचा एका मापाच्या चॅसीसाठी असतो आणि आपली चॅसी दुसऱ्या मापाची असते. मूळ सेव्हन अगदी अरुंद. उंच-रुंद माणसासाठी किंवा वेगळ्या गाडीचे भाग बसावेत म्हणून अनेक जण चॅसी काही इंचांनी रुंद-लांब करतात. मग जुन्या मापाचे नाक आणि डॅशबोर्डच्या पुढचा भाग तोकडा पडतो.

दुसरे कारण फायबरचे. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते. भाग पुरता पक्का होण्याआधी साच्यातून काढला किंवा महिनोन् महिने भिंतीला टेकवून ठेवला, तर तो पिळतो.

तिसरे कारण चॅसीचे. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढले जातात. एकाच बाजूने भराभर वेल्डिंग करत गेले की चौकट नकळत समांतरभुज होते.

म्हणून ग्राइंडर उचलण्याआधी दोष कोणाचा ते ठरवायला हवे. चॅसी सपाट टेबलावर ठेवून लेव्हल करावी, ओळंबा सोडावा, गुण्या लावावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे भरले तर चॅसी निर्दोष आणि बॉडी वाकडी. कर्णांत फरक आला, तर चॅसी आधी सरळ करावी लागेल. वाकड्या चॅसीवर बॉडी ओढून-ताणून बसवली, तर पुढे चाकांचे अलाइनमेंट कधीच जमत नाही.

चॅसीतला प्रत्येक पाइप काय करतो?

फळ्यांच्या जुन्या दाराला मागून एक तिरकी पट्टी मारलेली असते. ती काढा, दार काही महिन्यांत लटकते. चार बाजूंची चौकट सांध्यांत दुमडते. त्रिकोण मात्र बाजू वाकल्याशिवाय किंवा तुटल्याशिवाय आकार सोडत नाही. पत्र्याच्या शेडच्या कैचीत सगळी ताकद येते ती या त्रिकोणांतून. लोकॉस्टसारखी चॅसी म्हणजे चार चाकांना जोडणारी अशी एक त्रिमितीय कैची आहे.

गाडी खड्ड्यात गेली की एक चाक वर उचलले जाते आणि बाकीची तीन चॅसीला पिळतात. हा पीळ तिरके पाइप झेलतात. त्यातला एखादा काढला, तर त्याचा भार शेजारच्या सांध्यांवर जातो, आणि ते सांधे त्यासाठी केलेले नसतात. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. हजारो खड्ड्यांनंतर वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडते. धातूचा हा थकवा सांगून येत नाही.

वजनाचा हिशेबही पाहा. अशा पाइपचे वजन मीटरला सव्वा किलोच्या आत भरते. अर्ध्या मीटरचा तिरका पाइप काढून वाचतात जेमतेम सहाशे ग्रॅम. गमावतो तो अख्खा त्रिकोण.

पण बॉडी बसली की तीच ताकद देईल ना?

हा समज फार पसरलेला आहे. ताठपणाच्या मापात पोलाद हे चटईच्या साध्या फायबरपेक्षा साधारण पंचवीस ते तीस पट सरस असते. त्यातही बॉडी चार-सहा बोल्टांनी, रबरावर टेकवलेली असेल, तर ती चॅसीला कसलाही आधार देत नाही. ती वारा, पाणी आणि चिखल अडवते. तिचे काम तेवढेच.

फायबरलाच मुख्य सांगाडा करण्याचा प्रयोग लोटसनेच केला होता. १९५७ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या ‘एलिट’ला वेगळी चॅसी नव्हती. संपूर्ण सांगाडा फायबरचा होता, मोक्याच्या जागी आत पोलाद चिकटवलेले होते. १९६२ च्या ‘एलान’मध्ये मात्र कंपनी पोलादी कण्यासारख्या चॅसीकडे वळली आणि फायबरची बॉडी त्यावर बसवली. फायबरने भार घ्यावा असे वाटत असेल, तर गाडी पहिल्या रेघेपासून तशी आखावी लागते. कापलेल्या पाइपची भरपाई नंतर बॉडीकडून मागता येत नाही.

कोणता पाइप कापता येतो, कोणता नाही?

तीन गट करावेत. पहिला, ज्यांना हात लावायचाच नाही असे पाइप आणि जोड : सस्पेन्शनचे हात, स्टिअरिंग रॅक, इंजिन, सीट, सीटबेल्ट आणि उलटल्यावर डोके वाचवणारी पोलादी कमान जिथे जोडलेली असते ते सर्व, आणि त्यांना एकमेकांशी बांधणारे तिरके पाइप.

यातही सस्पेन्शनचे ब्रॅकेट सर्वात नाजूक. चाक वर-खाली होताना सस्पेन्शनचे हात आणि स्टिअरिंगचा दांडा आपापल्या वर्तुळकंसात फिरतात. हे कंस जुळलेले असतात म्हणून खड्ड्यातही चाक सरळ राहते. नाकाला जागा व्हावी म्हणून ब्रॅकेट काही मिलिमीटर सरकवले की कंस बिघडतात आणि खड्ड्यात चाक आपोआप वळू लागते. चालकाने स्टिअरिंग घट्ट धरले असले, तरी गाडी बाजूला ओढते. बॉडी बसवण्याच्या नादात केलेला हा सर्वात घातक बदल.

मडगार्ड चाकाच्या मध्यावर येत नाही म्हणून अ‍ॅक्सल सरकवणे हा त्याचाच भाऊ. सरकवायचे असेल तर मडगार्ड सरकवावे.

दुसरा गट निर्धास्त कापण्याचा : बॉडी टेकवण्यासाठी लावलेल्या पट्ट्या, नंबर प्लेट आणि दिव्यांचे ब्रॅकेट, डॅशबोर्ड धरणाऱ्या पट्ट्या. यांच्यावर गाडीचा भार नसतो.

तिसरा गट मधला. इंजिनच्या वरचा आडवा पाइप बॉनेटला लागतो किंवा डॅशबोर्डखालची कमान फायबरच्या आकाराबाहेर येते. हे पाइप भार घेतात, पण त्यांची जागा बदलता येते. अट एकच, आधी पर्याय आणि मग कापणी.

मग आधी बॉडी का कापावी?

कारण फायबर चूक पोटात घेते. चुकीच्या जागी कापले तरी पुन्हा जोडता येते. नाक मधोमध उभे कापून, दोन्ही तुकडे चॅसीवर हव्या त्या अंतरावर क्लॅम्पने धरायचे. आतून कडा तिरप्या घासून त्यावर चटई-रेझिनचे नवे थर चढवायचे, बाहेरून पुट्टी आणि जेलकोट. चार इंच रुंदी अशी वाढवता येते. काम कष्टाचे आहे. धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसांना घातक असते, रेझिन घट्ट करणारे रसायन डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. मास्क, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. पण यातली चूक फार तर कुरूप दिसते. चॅसीतली चूक दिसतच नाही.

चॅसी कापायचीच झाली तर?

क्रम पाळावा. बॉडी उचलून दूर ठेवावी. रेझिन पेट घेते, त्याच्याजवळ वेल्डिंग नको. चॅसी सपाट टेबलाला क्लॅम्प करावी. जो पाइप काढायचा त्याच्या आसपास तात्पुरते आडवे टेकू टाके मारून लावावेत. नवा पाइप नव्या जागी टाके मारून बसवावा आणि कर्ण पुन्हा मोजावेत. मगच जुना कापावा. नव्या पाइपची टोके जुन्या सांध्यांतच यावीत. ती दुसऱ्या पाइपच्या मध्यावर टेकवली तर तो पाइप वाकतो. ते टाळताच येत नसेल, तर तिथे त्रिकोणी गसेट प्लेट हवी. वेल्डिंग समोरासमोरच्या बाजूंना आलटून-पालटून आणि थांबत करावे.

शेवटी पिळाची चाचणी. मागचे दोन कोपरे पक्के बांधायचे, पुढचा एक टेकवायचा, चौथ्यावर ठरावीक वजन टांगायचे आणि तो किती झुकतो ते डायल गेजने मोजायचे. कापण्याआधी एकदा, बदलानंतर एकदा. झुकाव वाढला असेल तर बदल फसला, बॉडी कितीही सुंदर बसली तरी. घरी करता येणारी ही चाचणी टाळणे मला अक्षम्य वाटते.

चॅसी कापून घडलेली गाडी कधी यशस्वी झाली आहे का?

झाली आहे, आणि फार मोठी. अमेरिकेतले ब्रूस मेयर्स हे होड्या बांधणारे. त्यांनी १९६४ मध्ये ‘मेयर्स मँक्स’ ही वाळूवर धावणारी फायबरची बग्गी बनवली. पहिल्या मोजक्या गाड्यांचा सांगाडा फायबरचाच होता, पण तो महाग पडे. मग त्यांनी फोक्सवॅगन बीटलच्या तळाचा सुमारे ३६ सेंटीमीटरचा पट्टा काढून, तो आखूड करून त्यावर बॉडी बसवली. १९६७ मध्ये मेक्सिकोतील खडतर वाळवंटी शर्यत या गाडीने जिंकली.

मग वरचा सगळा उपदेश फोल ठरतो का? नाही. मँक्समध्ये काप कुठे घ्यायचा, किती घ्यायचा आणि सांधा कसा भरायचा हे बॉडीच्या आराखड्याचाच भाग होते. बॉडी आडवी आली म्हणून शनिवारी संध्याकाळी घेतलेला तो काप नव्हता. आखून केलेला बदल आणि अडले म्हणून केलेला बदल यांत हाच फरक आहे.

ब्रिटन अशी गाडी रस्त्यावर येऊ देते कशी?

१९९८ पासून एकेका गाडीची मान्यता-तपासणी सुरू झाली. २००९ मध्ये तिची जागा ‘आयव्हीए’ने, म्हणजे वैयक्तिक वाहन मान्यतेने घेतली. घरी बांधलेल्या गाडीसाठी वेगळा वर्ग आहे. सरकारी तपासनीस ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्टच्या जोडांची मजबुती, दिवे, धूर, आवाज असे सारे पाहतो. बाहेरच्या कडासुद्धा मोजल्या जातात. पादचाऱ्याला लागू शकणारी कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी. नियमपुस्तिका सर्वांना खुली आहे. नापास झाले तर दुरुस्ती करून पुन्हा यायचे.

या पद्धतीची खरी करामत तपासनीसाच्या टेबलावर दिसत नाही, ती गॅरेजमध्ये दिसते. एक दिवस कोणीतरी खाली वाकून आपले वेल्ड पाहणार आहे, हे माहीत असलेला माणूस पाइप कापण्याआधी दोनदा मोजतो.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही व्यवस्था कारखानदारासाठी आहे. एकच गाडी घडवणाऱ्याला परवडेल अशी वेगळी वाट त्यात नाही.

कौशल्याची मात्र वाण नाही. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या घाटाची रोडस्टर बनवली, तीही अ‍ॅम्बेसेडरमध्ये येणाऱ्या १.८ लिटर इसुझू इंजिनावर. ‘बाहा’ आणि ‘सुप्रा’ या विद्यार्थी स्पर्धांसाठी महाराष्ट्रातील कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले दरवर्षी पाइपांची चॅसी बांधतात. पाइपचा व्यास, जाडी, पोलादातले कार्बनचे प्रमाण, सगळे नियमांत लिहिलेले असते. तांत्रिक तपासणीत नापास झालेली गाडी ट्रॅकवर उतरत नाही. ही मुले बॉडीसाठी चॅसी कापत नाहीत, कारण तपासनीस ते पकडणार हे त्यांना ठाऊक असते.

पदवी मिळाली की तो तपासनीस नाहीसा होतो आणि उरते फक्त बंदी. बंदीने ग्राइंडर थांबत नाहीत. जुन्या जीपची चॅसी आखूड करणे, मागे फायबरचे टप चढवणे हे सर्रास चालते. फरक एवढाच की ते चोरून चालते, म्हणून कोणी तपासत नाही.

मग करावे काय?

सरसकट मोकळीक कोणीही मागू नये. आपल्या रस्त्यांवर आधीच पुरेसे जीव जातात. पण ‘कशालाच परवानगी नाही’ आणि ‘काहीही चालते’ यांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे. घरी बांधलेल्या एका गाडीसाठी खुली नियमपुस्तिका, परवडणारे शुल्क, पीळ-ब्रेक-सीटबेल्टची प्रत्यक्ष तपासणी आणि नोंदणीवर स्पष्ट शिक्का. सुरुवात वर्षाला मोजक्या गाड्यांपासून आणि फक्त एआरएआयसारख्या संस्थांतून करता येईल.

मधल्या काळात गॅरेजमधल्या माणसासाठी नियम सोपा आहे. बॉडी बसत नसेल तर आधी मोजा, मग बॉडी कापा आणि चॅसीला हात लावायची वेळ आलीच, तर नवा पाइप जोडल्याशिवाय जुना काढू नका. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा बॉडीचा चकचकीतपणा कामी येत नाही, तेव्हा आपल्याला धरून ठेवतात ते खालचे त्रिकोण.